समास

वेंटा नदीच्या काठी, बंद पडलेल्या काडेपेटी कारखान्यात
आम्ही म्हाताऱ्यांसाठी एक खोली उघडली.
नगरपालिकेने थोडे पैसे दिले, आणि एक फलक:
एकटेपणावर मात करा! सर्वांनी यावे!
मी दाराला घंटी लावली,
कुणी आत आलं की कळावं,
बसलेल्यांनी माना वळवून हसावं.
मधोमध गोल टेबल, बारा खुर्च्या, तोंडाला तोंड.
छातीवर लावायला नावांच्या चिठ्ठ्या.
शुक्रवारी एगोन्सचा अ‍ॅकॉर्डियन.

जे आले ते बोलकेच होते.
ते कुठेही बोलले असते,
बसथांब्यावर, दवाखान्यात, मयतीलासुद्धा.

आणि समोर, लिंडनच्या झाडाखाली,
तपकिरी कोटातली एक बाई
तीन गुरुवार उभी राहिली.
बस यायची, जायची.
ती बसची वाट पाहत नव्हती.

चौथ्या गुरुवारी मी रस्ता ओलांडला,
हसून म्हटलं, या ना आत, लाजायचं काय त्यात!
पुढे दोन महिने ती दिसली नाही.
हे माझ्या हातून झालं. लिहून ठेवते.

त्या रात्री वडील आठवले.
लग्नाघरी ते स्वयंपाकघराच्या दाराशी थांबत,
हातात रिकामी बशी धरून,
कारण हातात काही असलं
की लोक समजतात, माणूस कामात आहे.

घंटी काढली.
चिठ्ठ्या शेगडीत घातल्या.
टालिवाल्डिस सुताराला म्हटलं, टेबल मधून काप.
त्याने कारण विचारलं नाही, त्यालाही बहुधा माहीत होतं.
एक अर्धुक खिडकीला टेकवलं.
खुर्च्या नदीकडे तोंड करून, शेजारी शेजारी,
मध्ये एक कोट ठेवता येईल इतकं अंतर.
मागचं कोळशाचं दार उघडलं,
तिथून आपण दिसायच्या आधी खोली दिसते,
आणि निरोप न घेता निघता येतं.
टोपलीत राखाडी वाटाणे, निवडायला. खड्यांसाठी एक बशी.
चहा ज्याचा त्याने ओतून घ्यावा.
साखर किती, हे कुणी विचारायचं नाही.

ऑक्टोबरात ती आली. कोळशाच्या दाराने.
कोट काढला नाही.
मी कप मोजत बसले. सोळा.
पुन्हा मोजले. सोळाच.
चाळीस मिनिटांनी ती गेली.

मग अख्खा हिवाळा, दर गुरुवारी, अवाक्षर नाही.
फेब्रुवारीत फलकावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या:
‘एकटेपणा’खाली बारीक नागमोडी रेघ,
आणि समासात, मोत्यासारख्या अक्षरात,
*एकांत? तपासावे.*
‘मात करा’ आडवं खोडलेलं. ‘सर्वांनी’ही खोडलेलं.
दोन्ही उद्गारचिन्हं उडवलेली.
उरलं होतं फक्त ‘यावे’, आणि पुढे एक टिंब.

एगोन्स म्हणाला, ही तर स्काइद्रीते,
अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायची.
दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण तोंडाने कधीच नाही.

मी फलक पालिकेला परत पाठवला, दुरुस्तीसकट.
अजून उत्तर नाही.
कारखान्यात आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत
माणसं बसवायला निघालो होतो.
पानालासुद्धा समास सोडतात.

मार्चमधली गोष्ट. एगोन्सची बायको इस्पितळात होती.
तो त्या गुरुवारी पुढच्या दाराने आला नाही.
अ‍ॅकॉर्डियनशिवाय त्याचे हात
दुसऱ्या कुणाचे वाटत होते, कुठे ठेवावेत कळेना.
खिडकीशी बसला. नदीवर बर्फाचे तुकडे सुटत होते.
स्काइद्रीतेने मान वळवली नाही,
फक्त टोपली
हळूच, मधल्या कोटाला वळसा घालून,
त्याच्याकडे अर्धी सरकवली.

बराच वेळ काही नाही.
मग बशीत एक खडा पडला.
आणखी बऱ्याच वेळाने, दुसरा.